देवमाशाची बोली

गुणवंतीने हाक दिली की डॉकवरचे कावळे उडतात, असं तिचा नवरा रामचंद्र म्हणायचा. त्यात फारसं खोटं नव्हतं. वरळी कोळीवाड्यातून पहाटेच्या टेम्पोत बसून ती ससून डॉकला जायची. बोटीतून उतरलेल्या मासळीचे तिथे ढीग लागत, लिलाव पुकारणारा मधे उभा राही आणि भोवती तीस-चाळीस बायका एकमेकींच्या खांद्यावरून भाव ओरडत. पुकारणाऱ्याने तिसरी हाक दिली की विषय संपला. ज्याची बोली शेवटची, त्याचा ढीग. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. पुढे बाजारात गिऱ्हाईक फिरकलं नाही, बर्फ वितळून माल मऊ पडला, तरी बोललेला आकडा चुकता करायचा. बोलून फिरलेल्या बाईची बोली दुसऱ्या दिवशी कुणी ऐकूनच घेत नसे. तिने घसा फाडला तरी पुकारणारा पाठ करून उभा राही. गुणवंती तीस वर्षं या शाळेत शिकली. दुसऱ्या शाळेत ती चौथीपुढे गेली नव्हती. त्यामुळे तिच्याजवळ जे काही शहाणपण होतं ते इथलंच होतं, आणि खुळेपणाही इथलाच.

रामचंद्राची बोट लहान होती. नाव ‘जानकीमाय’, म्हणजे त्याच्या आईचं नाव. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी बोट धुऊन-पुसून रंगवायची आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, ते नाव निळ्या रंगात नव्याने गिरवायचं, हा घरचा नेम. यंदा मे महिन्याच्या अखेरीस इंजिनने दम तोडला. मिस्त्रीने उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि चहासुद्धा न पिता निघून गेला. जून-जुलै मासेमारी बंदच असते, म्हणून लगेच चूल विझणार नव्हती. पण ऑगस्टमध्ये बाकीच्या बोटी निघतील तेव्हा ‘जानकीमाय’ दोरीला बांधलेली राहणार होती. मग ती विकायची आणि साठीला आलेल्या रामचंद्राने दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं, एवढाच रस्ता उरत होता. जो माणूस वयाच्या बाविसाव्या वर्षापासून स्वतःच्या बोटीचा नाखवा, त्याने आता दुसऱ्याच्या हुकमाने जाळं ओढायचं! गुणवंतीला हा विचारच सहन होत नव्हता. बोट जाता कामा नये, हे तिने मनाशी पक्कं केलं.

त्यांचा मुलगा केतन दादरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. शक्कल त्याने काढली.

“आई, ऑनलाइन लिलाव करूया. बोटीचा नाय, बोटीवरच्या जागेचा. परदेशात एकाने कपाळ भाड्याने दिलं होतं जाहिरातीला. कपाळावर कंपनीचं नाव लिहून फिरायचा. आपली बोट तर सी-लिंकवरून दिसते. रोज किती गाड्या जातात बघ. दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात नाव टाकायचं, एक वर्ष.”

“कपाळावर?” रामचंद्र म्हणाला, “त्याच्या आयशीने काय पाहून वाढवलं त्याला?”

गुणवंती मात्र हसली नाही. लिलाव हा शब्द कानावर पडला आणि ती मांडी बदलून नीट बसली. लिलाव तिला कळत होता. पहिला भाव किती ठेवायचा, कितीने चढवायचा, हे तिनेच ठरवलं. केतनने एका साइटवर बोटीचे फोटो टाकले, वर ‘सागरी सेतूवरून दिसणारी चालती-फिरती जाहिरात’ असा मथळा दिला आणि लिंक आईच्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप यादीवर पाठवून दिली. कोरोनापासून माटुंगा, माहीम, शिवाजी पार्कची तिची घरं व्हॉट्सअॅपवरच ऑर्डर देत, त्यामुळे यादी लांबलचक होती.

पहिल्या दिवशी आल्या त्या बोल्या अशा. एकाने एक वडापाव बोलला. एकाने सासू देतो म्हटलं, वर तिची वाहतूक फुकट. एकाने विचारलं, बोट मंगळावर जाईल का? केतन हसून लोळत होता. गुणवंती ओट्यावर सुके बोंबील मांडता मांडता दर तासाला त्याला फोन करी आणि विचारी, “सासूवाल्याचं नाव काढलंस का? डॉकवर कोण असं बोलला असता तर त्याला ढकलून बाहेर काढला असता.”

तिसऱ्या दिवशी खरा माणूस आला. लालबागचा जगदीश मसालेवाला. त्याचं स्वतःचं मिरची कांडपाचं दुकान होतं, आणि आपल्या मसाल्याचं नाव कोळ्याच्या बोटीवर झळकावं ही कल्पना त्याला मनापासून आवडली होती. चाळीस हजारांपासून सुरुवात करून तो पंचाहत्तरवर गेला. तेवढ्यात दुसरी एक पार्टी उतरली. नाव ‘व्हेल अँड सन्स’. ती एकदम दीड लाखावर गेली, आणि मग कुणी काही बोललं नसताना आपल्याच बोलीवर चढून अडीच लाखांवर जाऊन बसली.

“आई, हे काय खरं वाटत नाय,” केतन म्हणाला. “व्हेल अँड सन्स असं कुठे नाव असतं?”

“व्हेल म्हणजे?”

“देवमासा.”

“मग चांगलंच हाय की. देवाचंच नाव हाय.”

लिलाव संपायच्या दिवशी जगदीशने स्वतः फोन केला. मोठा सरळ माणूस. म्हणाला, “बाई, मी पंचाहत्तरला उभा आहे, आणि पैसे आज संध्याकाळी घरी आणून देतो. ती वरची पार्टी मला बोगस वाटते. स्वतःच्याच बोलीवर कोण चढतं? तिला सोडा.”

गुणवंतीला त्याचा राग आला. हरलेला माणूस जिंकलेल्याला नावं ठेवतो, हे तिने डॉकवर हजारदा पाहिलं होतं. “शेठ,” ती म्हणाली, “चढी बोली सोडून उतरत्याला माल दिला तर उद्या माझ्या तोंडाकडे कोण बघेल? तुम्हाला पाहिजे होतं तर वर चढायचं होतं.” जगदीश बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आयुष्यात कधी कधी दारात चालत आलेलं सुख माणूस नियमावर बोट ठेवून परत पाठवतो. गुणवंतीने ते केलं, आणि वर तिला आपण नीतीने वागलो याचं समाधानही वाटलं.

लिलाव संपला. ‘व्हेल अँड सन्स’चा निरोप आला. त्यांच्या अटी अशा: संपूर्ण बोट गुलाबी रंगवायची. जुनं नाव पुसायचं. दोन्ही बाजूंना लिहायचं, ‘व्हेल अँड सन्स: आमचे मासे उडतात’. फोटो पाठवला की त्याच दिवशी पैसे.

रामचंद्राने ते ऐकलं आणि तो उठून उभा राहिला. “माझ्या आयचं नाव पुसतेस तू?”

“वर्षभरासाठी. बोली लागली हाय. वर्षभर त्या बाजू त्यांच्या. ते काय लिहितील ते आपण कोण विचारणार?”

“गुलाबी बोट कुठल्या कोळ्याने पाहिली हाय काय?”

“इंजिन नसलेली पाहिलीस ना? मग?” गुणवंती म्हणाली.

रामचंद्र त्या दिवशी जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली बसून आईचं नाव त्याने स्वतःच खरवडलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रंगाचे डबे उधारीवर आले आणि चार दिवसांत बोट खोकल्याच्या औषधासारखी गुलाबी झाली. कोळीवाड्यातली माणसं येऊन बघून जात. तोंडावर कुणी हसलं नाही, पण गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर हसण्याचे आवाज घरापर्यंत ऐकू येत.

त्याच आठवड्यात वाड्यातल्या भिवा नाखव्याचं इंजिन विकायला निघालं. भिवा म्हातारा झाला होता, धंदा आवरून उरणला लेकीकडे चालला होता. त्याचं इंजिन तीन वर्षांचंसुद्धा नव्हतं. वाड्यातल्या रीतीप्रमाणे त्याने किनाऱ्यावर चार माणसं जमवून ते पुकारलं. वर्सोव्याचा एकजण रोख रक्कम खिशात घेऊन आला होता. गुणवंती त्याच्यावर चढली. एक लाख ऐंशी हजार, नारळी पौर्णिमेच्या आत. भिवाने तिसरी हाक दिली आणि वर्सोव्याच्या माणसाला रोख पैशांसकट परत पाठवलं. पैसे कधी, कसे, असं त्याने गुणवंतीला विचारलंसुद्धा नाही. तिच्या भरवशावर त्याने उरणच्या खोलीचा इसारा देऊन टाकला.

फोटो पाठवून दहा दिवस झाले. ‘व्हेल अँड सन्स’ बोलेना. केतनने निरोपांवर निरोप टाकले, मग एक दिवस ते खातंच साइटवरून नाहीसं झालं. साइटवाल्यांकडे तक्रार केली, तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. गुणवंती तरीही म्हणत राहिली, “माणूस आजारी असेल. कुणाच्या घरी काही झालं असेल. अडीच लाख बोलून कुणी उगाच फिरत नाय.” केतन तिला समजावून थकला. तिच्या डोक्यात खोट्या बोलीला जागाच नव्हती. चोर तिला ठाऊक होते, वजनात मारणारे ठाऊक होते. पण नुसती गंमत म्हणून बोली लावणारा माणूस ही जात तिने पाहिलीच नव्हती.

ती जात तिला शिवाजी पार्कला भेटली.

तिथे तिसऱ्या मजल्यावर नलूताई राहत. जुनं पाठारे प्रभूंचं घर, खाण्यापिण्याचं दर्दी. नलूताईंच्या सासूबाईंना गुणवंतीची सासू मासळी देत असे, इतका जुना संबंध. पावसाळ्यात त्यांना सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी लागे, आणि सोडे गुणवंतीकडचेच. त्या सकाळी ती सोड्यांची पिशवी घेऊन गेली. नलूताईंनी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि कौतुकाने आपला फोन पुढे केला.

“हे बघ गं गुणवंती, तुला गंमत दाखवते. आमच्या राजसने केलंय. तुझ्याकडूनच काहीतरी आलं होतं ना माझ्या फोनवर, त्यावरून त्याला सुचलं म्हणे. दोन लाख लोकांनी पाहिलंय! कुणा एका माणसाला त्यांनी चक्क गुलाबी बोट रंगवायला लावली. किती भोळी असतात ना माणसं!”

फोनवर ‘जानकीमाय’ होती. गुलाबी. शेजारी उघड्या अंगाने ब्रश घेतलेला रामचंद्र, आणि त्याच्या तोंडाभोवती कुणीतरी माशाचे पंख काढलेले. मागे वाद्य वाजत होतं. खाली हसणारी तोंडंच तोंडं.

“ही माझी बोट,” गुणवंती म्हणाली. “आणि हा माझा नवरा.”

नलूताईंनी फोन बंद केला. मग त्यांनी नातवाला हाक मारली. राजस आला. विशीतला, गोरापान, नुकताच झोपेतून उठलेला. त्याच्या मागून त्याची आई सुरुचीही आली. ती वकील होती, कोर्टात निघायच्या घाईत होती.

“मावशी, आय अॅम रिअली सॉरी,” राजस म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं. “आम्हाला वाटलं ऑबव्हियस आहे. व्हेल अँड सन्स! तिथे सगळेच फेक बिड टाकतात, कुणी सीरियसली घेत नाही. तुम्ही खरंच रंगवाल असं वाटलंच नव्हतं. मी व्हिडिओ आत्ता डिलीट करतो.”

“बोली तूच लावलीस ना?”

“हो, म्हणजे मी आणि मित्रांनी, पण...”

“मग बोली तुझी.”

सुरुची मधे पडली. ती शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली, “हे बघा, त्या साइटचे नियम आहेत. पैसे भरल्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. कायद्याने याच्यावर काही जबाबदारी येत नाही. पण चूक झाली आहे, मान्य आहे. रंगाचा किती खर्च झाला तुमचा? तो देऊन टाकू आपण. पुन्हा पहिल्यासारखी रंगवून घ्या.”

“मी रंगाचं नाय विचारलं. मी बोलीचं विचारतेय.”

“अगं, पोरकटपणा तो,” नलूताई कळवळून म्हणाल्या. “लेकरू आहे. तूसुद्धा आई आहेस ना? सोडून दे. बस, चहा टाकते.”

गुणवंतीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिघंही चांगली माणसं होती, आणि तिला भांडायला कुणी वाईट माणूस हवा होता. कुणी तिला हाकललं असतं, शिवी दिली असती, तर तिचा डॉकवरचा आवाज सगळ्या इमारतीने ऐकला असता. इथे चहाचं विचारत होते. तिने सोड्यांची पिशवी टेबलावर ठेवली, ठरलेले पैसे घेतले, एक रुपया वर घेतला नाही, आणि जिना उतरली. खाली आल्यावर तिला आठवेना की घरी जायला कुठे वळायचं. 

मग ती लालबागला गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाकडे सुटलेला सौदा परत मागितला. जगदीशने तिला खुर्ची दिली. म्हणाला, “बाई, मी ते पैसे रिक्षांवरच्या जाहिरातीत घातले. आणि आता खरं सांगू? त्या बोटीला सगळी मुंबई हसते आहे. तिच्यावर मसाल्याचं नाव टाकलं तर लोक मसाल्यालाही हसतील.” त्याचंही काही चुकलं नव्हतं.

राहिला भिवा. त्याला सगळं कळलं होतं. तो दारात येऊन म्हणाला, “गुणे, तू मुद्दाम नाय केलंस. इंजिन राहू दे. बघतो मी दुसरं गिऱ्हाईक.” पण वर्सोव्याच्या माणसाने दुसरीकडे इंजिन घेतलं होतं, हंगाम तोंडावर आला होता आणि उरणचा इसारा बुडायला आठच दिवस होते. म्हाताऱ्याचा आवाज हे सगळं न सांगताच सांगत होता. गुणवंतीला त्याची दया नको होती. राजसने तिच्याशी जे केलं तेच ती भिवाशी करत होती, फरक इतकाच की राजस हसला होता आणि ती रडत होती. भिवाला दोन्हींचा उपयोग सारखाच.

“तुझे पैसे पौर्णिमेच्या आत मिळतील,” ती म्हणाली.

आणि गंमत बघा, पैसे त्या गुलाबी रंगानेच आणले. परळला एका बंद गिरणीच्या आवारात अवधूत नावाच्या तरुणाचं नवं कॅफे उघडायचं होतं. व्हिडिओ त्यानेही पाहिला होता. पुसून टाकलेला व्हिडिओ तोवर शंभर ठिकाणी पोचलेला होता. त्याला तीच बोट हवी होती, गुलाबी, अक्षरांसकट. बोटीत टेबलं मांडणार, लोक फोटो काढणार. तो एक लाख नव्वद हजार देत होता. अट एकच: उद्घाटनाला बाईंनी कोळणीच्या लुगड्यात यायचं आणि पाहुण्यांसमोर मासळीचा लिलाव पुकारून दाखवायचा. केतन नको नको म्हणत होता.  रामचंद्र फक्त एकदा म्हणाला, “इंजिन घेण्यासाठी बोट विकतेस गो?”  गुणवंतीने अवधूतला हो म्हटलं. अट ऐकूनच म्हटलं, त्यामुळे तीही आता बोललेलीच गोष्ट झाली.

भिवाला पैसे पोचले. तो उरणला गेला. इंजिन गुणवंतीच्या दाराशी ताडपत्रीखाली येऊन बसलं, आणि रामचंद्र पौर्णिमेनंतर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून समुद्रावर गेला. आठवड्यातून दोन दिवस घरी येई, जेवे, झोपे आणि जाताना इंजिनला वळसा घालून जाई.

उद्घाटन एका रविवारी दुपारी झालं. बोट आत सिमेंटच्या जमिनीवर उभी होती, पोटात दिवे लावलेले. गुणवंती लुगडं नेसून, केसात अबोली माळून आली. तिच्यापुढे तळलेल्या बोंबलांची एक ताटली ठेवली. पन्नासेक माणसं फोन उंच धरून उभी राहिली. तिने विचार केला होता की कसंबसं आटपायचं. पण हाक द्यायला तोंड उघडलं आणि आवाज तोच निघाला, जो तीस वर्षं निघत आला होता. तो खोटा काढता येत नव्हता. लोक दचकले, मग टाळ्या वाजल्या.

“हजार!” कुणी ओरडलं. “पन्नास हजार!” “पाच लाख!” “माझी किडनी!” हसण्याचा कल्लोळ झाला. ती प्रत्येक आकडा जसाच्या तसा पुकारत गेली. शेवटी एक चष्मेवाला तरुण खुर्चीवर चढला आणि म्हणाला, “एक कोटी!”

गुणवंतीने एक कोटीला पहिली हाक दिली. दुसरी दिली. सगळीकडे नजर फिरवून थांबली, जसा डॉकवर पुकारणारा थांबत असे, आणि तिसरी दिली. मग तिने ताटली उचलली, त्या तरुणासमोर नेऊन ठेवली आणि हात पुढे केला.

तरुणाने हसून टाळी दिली. तिने हात पुन्हा पुढे केला. आता सगळेच हसू लागले. किती मस्त काम करते बाई, असं कुणी म्हणालं. अवधूत मागून म्हणाला, “बस मावशी, झालं, एकदम भारी!” तरुणाने इकडेतिकडे पाहिलं, एक बोंबील तोंडात टाकला, पण त्याला तो चावता येईना, कारण ती त्याच्याकडेच बघत होती आणि तिचा पसरलेला तळहात त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर होता. हसणं हळूहळू ओसरलं. कुणीतरी गाणं लावलं. केतन गर्दीतून वाट काढत आला, त्याने तो हात आपल्या हातात घेतला आणि आईला बाहेर रस्त्यावर आणलं.

“त्याने दिले नाय,” गुणवंती म्हणाली.